सातव्या प्रश्नाचं उत्तर

"गुरुजी, मावशीचं नाव लिवलं तर चालंल का?" चौथीतल्या संस्कृतीनं विचारलं.

"मनात येईल ते लिही. यात चूक-बरोबर काही नसतं," वैजनाथ गुरुजी म्हणाले.

जामखेडच्या पुढच्या त्या वस्तीशाळेवर गुरुजींना एकोणीस वर्षं झाली होती. यंदा मुलांच्या भावनांचं मूल्यमापन करायचं होतं. त्यासाठी आलेल्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न होता, 'मनाला काही लागलं तर शाळेत कोणाला सांगावंसं वाटतं?'

शाळा सुटल्यावर ते उत्तरं मोबाईलवर भरायला बसले. तेवीसपैकी अठरा जणांनी खिचडी शिजवणाऱ्या पुष्पावतीबाईंचं, म्हणजे त्यांच्या 'मावशी'चं, नाव लिहिलं होतं. तिघांनी मित्राचं, दोघांनी जागा कोरी सोडली होती. गुरुजींनी कागद पुन्हा चाळले. त्यांचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं.

मोबाईलवर पर्याय होते: शिक्षक, मित्र, इतर, कोणी नाही. त्यांचं बोट 'इतर'पाशी गेलं आणि त्यांनी 'शिक्षक' दाबलं. पहिल्या कागदाला हात अडखळला. पुढचे बावीस कागदही 'शिक्षक' दाबत सरसर झाले.

पंधरवड्यानं आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "मुलांचा विश्वास कसा मिळवावा, ते यांच्याकडून शिका." टाळ्या झाल्या. गुरुजी दोन शब्द बोललेही. खाली बसल्यावर त्यांना कुणाकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकाच्या खोलीत गेले. पुष्पावतीबाई तांदूळ निवडत होत्या.

"तुमचं लई नाव झालं म्हनं, गुरुजी. पोरांचं नशीबच म्हनायचं."

गुरुजी त्यांच्यासमोर खाली बसले. "बाई, पोरं तुम्हाला काय काय सांगतात?"

"काय न्हाई वो. कुनाच्या घरी भांडनं, कुनाला कुनी चिडवलं. मला कुठं काय सांगता येतंय? ऐकून घेते नुसती."

"ते नाव झालं ना, बाई..."  गुरुजी ताटातले खडे वेचू लागले.

तेवढ्यात संस्कृती आत आली. डोळे सुजलेले. "मावशी, मला..." तिला गुरुजी दिसले. ती हाताची घडी घालून ताठ उभी राहिली.

"काय झालं, बाळ?"

"काय न्हाई, गुरुजी. पानी प्यायला आले हुते."

गुरुजी उठले. "बस तू," एवढंच म्हणून बाहेर आले. दार त्यांनी हलकेच लोटून घेतलं. आतून हुंदका आला, मग बारीक आवाजात बोलणं सुरू झालं. ते आपल्या कानावर पडू नये म्हणून गुरुजी मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले.