मुका ट्रंपेट

अकबरने जे वाद्य हातात घेतलं, ते शिकूनच खाली ठेवलं. खडकीच्या शमशुद्दीन मास्तरांच्या बँडमध्ये ट्रंपेट, मग तिथलाच ड्रम, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि शेवटी गिटार. गिटारने त्याला पोस्टरवर चढवलं. त्याच्या रॉकच्या गाण्यांवर कॉलेजची पोरं घसा बसेस्तोवर ओरडायची. आणि पन्नाशी उलटताच बोटं फितूर झाली. तारेवर ठेवली की आपसूक मुठीत वळायची. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडूनच चुकीचा निरोप जातोय, इलाज नाही.

गडी हट्टाला पेटला. गिटार गेली तर गेली, कीबोर्ड आहे! तिथे एकदम चार पट्ट्या दाबल्या जायच्या. ड्रमची काठी हातातून उडाली ती आरशावर बसली. बुडत्याला काडीचा आधार. ट्रंपेट तेवढा उरला होता. अकबर खडकीला मास्तरांच्या दारात उभा राहिला.

"चाचा, याला तीनच खटके. एवढं तरी करून घ्या माझ्याकडून."

मास्तरांनी रोज करून घेतलं. एक सूर मागितला की भलताच यायचा. शेवटी अकबर ओट्यावर बसून ढसाढसा रडला. "वाद्याशिवाय मी कोण, चाचा? घरी बसलो तर मरेन मी."

मास्तरांना खोटा धीर देणं कधी जमलं नव्हतं. "उद्या धायरीला वरात आहे. माणूस कमी पडतोय. येतोस?"

अकबरला कळायचं ते कळलं. माणूस कमी पडला की मास्तर कुणालाही लाल कोट चढवून, हाती ट्रंपेट देऊन रांगेत उभं करत. त्याने नुसते गाल फुगवायचे, फुंकायचं नाही. अकबरची सुरुवातही तशीच झाली होती, काहीच येत नव्हतं तेव्हा. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तो "येतो" म्हणाला.

वरातीत त्याला कोणी ओळखलं नाही. टोपी कपाळावर आली होती, पोस्टरवरचे लांब केस कधीच गेले होते. देवळापाशी पोरांनी फर्माईश केली आणि बँडने नेमकं त्याचंच गाणं धरलं. पोरं बेभान नाचू लागली. अकबरची छाती भरून आली, राहवेना, आणि त्याने फुंकलं. असा काही बेसूर आवाज निघाला की नाचणारे जागीच थबकले.

नवरदेवाचा चुलता संपत तरातरा पुढे आला. "ओ पाव्हणं, येत न्हाई तर वाजवता कशाला? एवढं चांगलं गाणं हाय, पार वाट लावली त्याची!"

मास्तरांनी तोंडातली क्लॅरिनेट काढली. ते काही बोलणार, तोच अकबरने त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"चुकलं, मालक," तो संपतला म्हणाला.

गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं. अकबरने ट्रंपेट ओठांना लावला, श्वास रोखला आणि गाल फुगवले.

"हां, आता कसं!" म्हणत संपत नाचायला गेला.