डायनरमधला बुधवारचा नाश्ता

ईशानीला यतीनच्या हातात देऊन पद्मजा म्हणाली, "मी बाहेर नाश्ता करायला चालले आहे."

यतीनच्या कानांत हेडफोन होते आणि समोरच्या लॅपटॉपवर सहकाऱ्यांचे चेहरे. त्याने नुसती मान हलवली. आई काय म्हणाली हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत दार लागले होते.

पद्मजा सांगलीहून नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी आली ती फेब्रुवारीत. ईशानीच्या जन्मानंतरचे पहिले तीन महिने यतीनच्या बायकोच्या, चारुताच्या आईने, प्रमोदिनीबाईंनी सांभाळले आणि त्या परत गेल्यावर पद्मजाची फेरी सुरू झाली. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी तीनच महिने राहता येत असल्याने या भागातल्या मराठी इंजिनियरांच्या घरांत हीच रीत पडून गेली होती. एक आजी विमानातून उतरायची, दुसरी चढायची. आजोबांना फेरी लावलेली कोणी ऐकली नव्हती.

आदल्या दिवशी जेवताना यतीन म्हणाला होता, "आई, ऑगस्टचं तुझं तिकीट बघून ठेवलंय. एक-दोन दिवसांत बुक करतो." पद्मजाने "बघू" म्हटले होते आणि त्या घरात तिच्या "बघू"चा अर्थ "हो" असाच घेतला जात असे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर तिने सांगलीच्या विधी महाविद्यालयात नाव घातले होते. वर्गातली मुले तिला मॅडमच म्हणत. पहिले वर्ष ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. या फेरीसाठी तिने उन्हाळी परीक्षेवर पाणी सोडले होते. ऑगस्टमध्ये पुन्हा आली असती, तर हिवाळी परीक्षाही गेली असती. आणि त्यानंतर पुस्तके परत उघडायचे बळ आपल्यात उरणार नाही, हे तिला स्वतःविषयी पक्के ठाऊक होते.

गावाच्या कडेला, औद्योगिक वसाहत सुरू होते तिथे ते डायनर होते, अमेरिकन पद्धतीचे छोटे उपाहारगृह. रेल्वेच्या डब्यासारखे लांबट, चकचकीत पत्र्याचे. आठवड्याचा बाजार करायला जाताना गाडीतून ते दिसे. "तिथे काय आहे, आई? तेलकट अमेरिकन खाणं. जाऊ कधीतरी," असे यतीन दर वेळी म्हणे.

आत लांबच लांब काउंटर होता आणि त्याच्यासमोर जमिनीत पक्क्या बसवलेल्या गोल खुर्च्या. भिंतीवरच्या फोटोत हाच डबा अमेरिकेतल्या एका महामार्गाच्या कडेला उभा होता; बाहेर जुन्या मोटारी, दारात टोपी घातलेले कामगार. शेजारच्या मजकुरात लिहिले होते, की न्यू जर्सीत कारखान्यांतल्या पाळ्यांना तो दिवसरात्र खाऊ घालत असे. महामार्ग रुंद झाला तेव्हा तो मोडीत निघाला. मग कोणीतरी तो विकत घेतला, सुटा करून जहाजाने रॉटरडॅमला आणला आणि इथे पुन्हा जोडला.

"टेबल हवं की काउंटर?" मालकीणबाईंनी इंग्रजीत विचारले. त्यांच्या एप्रनवर 'आन्के' असे नाव होते.

"काउंटर," पद्मजा म्हणाली. "मला तवा दिसायला हवा."

आन्के हसली. "अंडी कशी करू?"

"तुम्ही स्वतःसाठी करता तशी."

"स्वतःसाठी मी उभ्या उभ्या टोस्ट खाते. तुम्हाला नीट करून देते."

आन्केने लांबरुंद तव्यावर पीठ ओतले. त्याच्या कडा सुकत आल्या, वर बुडबुडे उठले. उलथने आता घालायला हवे, असे पद्मजाच्या मनात आले आणि त्याच क्षणी आन्केने ते घातले. धिरडी करताना पद्मजाने आयुष्यभर हेच केले होते. फरक इतकाच, की घरी करणारीने शेवटी बसायचे आणि तोवर पीठ संपत आलेले असायचे. एखाद्याने मध्येच "तू पण बस ना" म्हटले, तरी ते बोलण्यापुरतेच असे. आता तिच्यासमोर ताटली आली. पॅनकेकवर लोणी वितळत होते. तिच्याआधी ज्याला वाढायचे, असे आजूबाजूला कोणी नव्हते. तिने पहिला घास घेतला.

मागच्या बाकावर एक तरुण बाप बसला होता. उंच, लाल दाढीचा. एका हातात सात-आठ महिन्यांचे बाळ, दुसऱ्या हातात काटा. बाळाने त्याच्या अंड्यात मूठ बुडवली होती. पद्मजा वळून बघू लागली. कामाच्या दिवशी सकाळी बाळ घेऊन एकटा पुरुष! बायको आजारी असेल, नाहीतर त्याहून वाईट काही. नोकरीही गेली असेल कदाचित. ती खुर्चीवरून उतरली आणि त्याच्यापुढे हात पसरून उभी राहिली.

"द्या इकडे. तुम्ही आधी खाऊन घ्या. आई कुठे आहे याची?"

"ऑफिसात." तो गोंधळून म्हणाला. "आज बुधवार आहे ना. बुधवार माझा पापादाख."

"म्हणजे?"

"बापाचा दिवस. आठवड्यातला एक दिवस मी कामावर जात नाही, याच्याबरोबर असतो. आमच्याकडे पुष्कळ जण घेतात."

"तुमची आई येत नाही मदतीला?"

"आई? ती सध्या पोर्तुगालमध्ये सायकल चालवतेय." त्याने बाळाची मूठ पुसली आणि तिच्या ताटलीकडे बोट दाखवले. "तुमचा पॅनकेक गार होतोय बरं का."

पद्मजा परत येऊन बसली. तिचे कान तापले होते. थोड्या वेळाने ती स्वतःशीच हसली आणि मग हसू थांबवून काट्याने जरा जोरातच तुकडा तोडला.

ताटली निम्मी संपली असेल तोच दार उघडले. आधी बाबागाडी आत आली, मग यतीन. एका कानात हेडफोन अजून होता.

"अगं आई, फोन का उचलत नाहीस? शेजारच्या काकूंकडे जाऊन आलो, तळ्यापर्यंत जाऊन आलो! शेवटी फोनवर तुझं लोकेशन बघितलं."

"तुला सांगून आले होते."

"मीटिंगमध्ये होतो मी! अजूनही आहे. जरा घे ना हिला."

"मी खाते आहे."

यतीन तिच्याकडे बघत राहिला. मग ईशानीला उचलून शेजारच्या खुर्चीवर टेकला. पद्मजाच्या हाताला सवयीने ताटली त्याच्याकडे सरकवायची होती. तिने ती स्वतःकडे ओढली.

"यतीन, ऑगस्टचं तिकीट काढू नकोस. मी येणार नाही."

"का? चारुता काही बोलली का?"

"ती बिचारी काय बोलणार? ऑक्टोबरअखेर माझी परीक्षा आहे."

"परीक्षा!" तो हसला. "अगं, पुढच्या वर्षी दे ना. कायदा कुठे पळून जातोय?"

"कायदा कुठे जात नाही रे. मी एकसष्ट वर्षांची झाले, मीच चाललेय."

"आणि या वयात तुला केस तरी कोण देणार?"

"पहिली चालू आहे की. समोरचा पक्ष तयारीनिशी आलेला दिसत नाही."

मागच्या बाकावरचा बाप बाळाला खांद्यावर टाकून निघाला. जाताना त्याने पद्मजाला मान लववली.

"हा बघ," पद्मजा म्हणाली. "याचा आज पापादाख. तुमच्या ऑफिसात देतात हा दिवस?"

"देतात." यतीनने आवाज खाली आणला. "पण आमच्या टीममधल्या भारतीयांपैकी कोणी घेत नाही, आई. प्रोजेक्ट असतं, लोक बघत असतात."

"डच घेतात?"

"घेतात."

"त्यांचं प्रोजेक्ट बुडालं?"

यतीनने ईशानीला दुसऱ्या मांडीवर घेतले. ईशानी त्याच्या हेडफोनची वायर तोंडात घालत होती.

"एका दिवसाने काय होणार पण? आठवड्याला कामाचे दिवस पाच असतात."

"एक तुझा, एक चारुताचा. उरलेल्या तीन दिवसांची जागा पाळणाघराने देऊ केलीय. परवा तूच सांगत होतास. आज्या आहेत, म्हणून नको म्हणणार होतास."

"परक्या माणसांकडे ठेवायचं इतक्या लहान पोरीला?"

"तू सहा महिन्यांचा होतास तेव्हा मी कामावर जायचे. शेजारच्या लिमयेबाई तुला सांभाळायच्या. बिघडलास का?"

"नाही..."

"थोडा बिघडलास. पण तो दोष लिमयेबाईंचा नाही."

यतीनला हसू आले, पण त्याने ते दाबले. "म्हणजे आमची अडचण तुला दिसतच नाही."

"दिसते. म्हणून मी या वेळी आले, परीक्षा सोडून आले. तू एकदाही विचारलं नाहीस, काय सोडून आलीस म्हणून. ईशानीसाठी जीव तुटतो माझा, यतीन. इथून गेल्यावर आणखी तुटेल. तरी येणार नाही. परीक्षा झाली की येईन, पाहुणी म्हणून येईन. फेरीवर येणार नाही."

यतीनच्या कानातून कोणीतरी त्याचे नाव घेत होते. तेवढ्यात ईशानीने भोकाड पसरले. पद्मजाचे हात आपोआप काउंटरवरून उचलले गेले. तिने कॉफीचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. नातीचे रडणे तिला छातीत जाणवत होते, आणि ती हलली नाही.

यतीनने तिच्याकडे पाहिले. मग हेडफोनचे बटण दाबून तो इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, मुलगी माझ्याजवळ आहे. मी आता बाहेर पडतो, काय ठरलं ते मला नंतर पाठवा." त्याने हेडफोन काढून खिशात टाकला, बाबागाडीतून बाटली घेतली आणि ईशानीला खांद्याशी धरून काउंटर आणि बाकांमधल्या अरुंद वाटेवरून येरझारा घालू लागला. त्याचे चुकत होते. बाटली फार आडवी होत होती. पद्मजाने त्याला सांगितले नाही. दुसऱ्या खेपेला त्याने ती आपणच उभी धरली.

रडणे थांबले तसा तो तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"मी अजून हो म्हटलेलं नाही हं, आई."

"मी विचारलेलंच नाही," पद्मजा म्हणाली, आणि आन्केकडे वळून तिने आणखी एक पॅनकेक मागितला, तव्यावरून थेट ताटलीत.