छत्री धरलेला माणूस

गुरुवारी सकाळी वानरांची टोळी गावात शिरली आणि लक्ष्मणराव कापगत्यांच्या घरावरची छत्री वाकडी करून गेली. छत्री म्हणजे पावसाची नव्हे, टीव्हीची. लाखांदूरच्या बाजूला तिला डिश म्हणण्याची कोणाला फारशी गरज पडलेली नाही. गोल आहे, दांड्यावर बसवली आहे, मग ती छत्री. एक दांडगा हुप्प्या तिच्यावर ठाण मांडून पेरू खात होता. खाणं आटोपल्यावर त्यानं तिथूनच समोरच्या चिंचेवर झेप घेतली, आणि खाली घरात कलाबाईंची मालिका जागच्या जागी थिजली. मग पडद्यावर निळा रंग आला आणि मुक्कामालाच राहिला.

एरवी लक्ष्मणरावांनी आठ दिवस तिकडे ढुंकून पाहिलं नसतं. टीव्ही हा रिकामटेकड्यांचा धंदा आहे, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत ते टीव्ही पाहता पाहताच मांडत. पण या खेपेला ते लगेच म्हणाले, "दुरुस्त करा लागन."

"करा," कलाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या.

कारण त्यांनी सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं. रविवारी दुपारी चार वाजता सरकारी वाहिनीवर झाडीपट्टीच्या, म्हणजे त्याच मुलखातल्या, नाटकांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागणार होता, आणि त्यात त्यांची मुलगी मेघा दिसणार होती.

मेघा तीन वर्षांपूर्वी कॉलेज संपवून वडशाच्या एका नाटक कंपनीत गेली. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईच्या रात्री नाटक होतं, आणि हजार-दोन हजार माणसं मंडपात बसून पहाटेपर्यंत ते पाहतात. लक्ष्मणराव स्वतः चाळीस वर्षं पाहत आले होते. नाटकातल्या बायांबद्दल पुढच्या रांगेत काय बोललं जातं हे त्यांना चांगलं माहीत होतं, कारण त्यातलं अर्धं त्यांनीच बोललेलं होतं. तेव्हा आपली पोर तिथं उभी राहणार म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. "तू जाशीन तर जा. तुह्या मंडपात माहा पाय पडणार नाही," असं त्यांनी भर अंगणात, चार माणसांदेखत सांगितलं. चार माणसांदेखत बोललेलं मागे घेता येत नाही, हीच तर गावात राहण्याची मोठी अडचण आहे.

शब्द त्यांनी पाळला मात्र, आणि तेव्हापासून मेघानंही घरात पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या मंडईला मेघाची कंपनी गावातच आली. झाडून सगळं गाव, गावचे जावई, व्याही, विहिणी मंडपात, कलाबाई दार लावून घरी, आणि लक्ष्मणराव एकटे शेतात, धानाच्या पुंजण्याची, म्हणजे गंजीची, राखण करत. धान चोरून नेणारा जो एक माणूस पंचक्रोशीत होता, तोसुद्धा त्या रात्री नाटक पाहत होता.

टीव्हीचं मात्र वेगळं होतं. हा विचार त्यांनी दोन दिवस सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला होता. आपला टीव्ही, आपली खोली, आपली खुर्ची. यात मंडप कुठं आला आणि पाय कुठं पडला? पोरगी जाडी झाली की हडकली, केस तेवढेच आहेत की कापले, एवढं नजर टाकून पाहायचं आणि उठायचं. शेजारी आनंदरावांकडे टीव्ही चालू होता. पण तिथं जाऊन बसायचं म्हणजे आपण पाहतो आहोत हे गल्लीनं पाहायचं. मुलगा चंद्रकुमार पुण्याला होता. त्याला सांगितलं असतं तर त्यानं काहीतरी सोय केली असती, पण आधी तो हसला असता, मग आईला बोलला असता, आणि आई मेघाला. लक्ष्मणरावांना लेकीला पाहायचं होतं, पण कोणाला न विचारता. त्यांचा सगळा जीव त्या अर्ध्या तासात अडकला होता.

शुक्रवारी त्यांनी टीव्हीखालचा छत्रीचा डबा बंद करून चालू केला. वायरची पिन काढून धोतराच्या सोग्यानं पुसली, फुंकर मारली, परत खोचली. निळा तो निळाच. शनिवारी त्यांनी लाखांदूरच्या योगेंद्रला फोन लावला. हा तालुक्यातल्या अर्ध्या छत्र्या बसवलेला पोरगा.

"काकाजी, मी सोमवारी येतो," योगेंद्र म्हणाला.

"सोमवारी येऊन काय करशीन? उद्या चार वाजाच्या आत पाह्यजे."

"उद्या लगन हाय घरी. असं करा, तुम्हीच फिरवा. तोंड आग्नेयेकडं करा. रिमोटवरून मेनूत जा, तिथं दोन पट्ट्या दिसतीन. वरची पाहू नका, ते भिंतीकडं तोंड केलं तरी भरते. खालची लालची हिरवी झाली का समजा आलं. एक जण वर, एक जण टीव्हीपाशी. अन् बोटभर बोटभर सरकवा, हातभर नाही."

रविवारी दुपारी दोनला लक्ष्मणराव शिडी लावून स्लॅबवर चढले. कलाबाई मधल्या दारात बसल्या. तिथून एका डोळ्यानं टीव्ही दिसे आणि तोंड अंगणाकडे करून ओरडता येई.

"आता?"

"लाल!"

"आता पाह्य!"

"लालच हाय!"

असं दीड तास चाललं. आग्नेय दिशा कोणती यावर लक्ष्मणरावांना शंका नव्हती. जन्मभर त्या कोपऱ्यात चूल पाहिलेला माणूस. पण आकाशात ती नेमकी किती उंचावर असते, हे चुलीवरून कळत नाही. समोरच्या अंगणातून आनंदराव दात कोरत पाहत होते. लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांना कोणी विचारावं लागत नसे.

"लक्ष्मण, लय खाली पाडलं गा तोंड! माह्या छत्रीकडं पाह्य, तशी ठेव."

"पाह्यली तुही छत्री," लक्ष्मणराव म्हणाले, आणि आनंदराव आत गेल्यावर त्यांनी ती नीट पाहिली आणि आपली तशीच ठेवली.

चारला वीस मिनिटं कमी असताना कलाबाई किंचाळल्या. "हिरवी! हिरवी झाली! हलू नका! अजी, चित्र आलं!"

लक्ष्मणरावांनी श्वास रोखून पाना काढला आणि मागचा नट आवळायला घेतला. नट फिरला. आणखी फिरला. फिरतच राहिला. हुप्प्याच्या वजनानं पकड तडकली होती आणि नटाचे आटे गेले होते. हात काढला की छत्री हळूच मान टाकी, आणि खालून आवाज येई, "लाल!" त्यांनी सुतळीनं बांधून पाहिली. विटेचा टेकू दिला. सायकलची ट्यूब कापून गुंडाळली. काही उपयोग झाला नाही. छत्री फक्त माणसाच्या हातात सरळ राहत होती, आणि हात दांड्याच्या मागे, छातीच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी लावावे लागत होते.

"मी येतो वर," कलाबाई म्हणाल्या. "मी धरतो, तुम्ही पाहा."

त्या शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या. तिसरीला गुडघ्यानं नकार दिला. त्यांनी दात आवळून पुन्हा पाय उचलला.

"राहू दे. पडशीन," लक्ष्मणराव वरून म्हणाले. "उतर. जा, तू पाह्य."

दुसऱ्या कोणाला बोलवावं तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चारच्या ठोक्याला सगळी गल्ली आपापल्या टीव्हीपुढे जाऊन बसली होती, त्यांच्याच लेकीला पाहायला. तेव्हा लक्ष्मणराव छत्रीला धरून उभे राहिले. ज्याच्या हातानं चित्र येतं त्याला ते दिसत नाही, ही या यंत्रातली खोड कोणी दुरुस्त केलेली नाही.

आधी तुतारी, मग हार्मोनियम, मग कोणीतरी बाई शुद्ध भाषेत झाडीपट्टीची माहिती सांगू लागली. आवाज चार घरांतून एकदम येत होता. मग नाटकाचा तुकडा लागला आणि त्यात मेघाचा आवाज आला. तीन वर्षांत तो भारदस्त झाला होता, पण वाक्याच्या शेवटी जरा वर चढण्याची त्याची सवय तशीच होती. लक्ष्मणरावांचे खांदे भरून आले होते. त्यांनी छत्री सोडली नाही.

तुकडा संपला आणि बाईनं मेघाला विचारलं, "घरून विरोध नव्हता का?"

लक्ष्मणरावांना वाटलं, आता ही सगळं सांगणार. अंगणातलं बोलणं, राखण, सगळं. सांगितलं तर खोटं नव्हतंच काही.

"नाटक मला बाबांनीच दाखवलं," मेघाचा आवाज म्हणाला. "मी चार वर्षांची असेन. थंडी होती, तर त्यांनी मला आपल्या घोंगड्यात घेतलं होतं. मी झोपले की उठवायचे. म्हणायचे, पाह्य, आता राजा येते. रात्रभर उठवत होते." मग ती थांबली. काहीतरी आवाज झाला, हसल्यासारखा किंवा नाक ओढल्यासारखा. "अजूनही मी रंगमंचावर आले की आधी मंडपात घोंगडं पांघरलेला माणूस शोधते."

तो आवाज हसण्याचा होता की रडण्याचा, हे वरून कळायला मार्ग नव्हता. लक्ष्मणरावांनी छत्री सोडली आणि शिडीकडे तीन पावलं टाकली.

"गेली! गेली!" कलाबाई आतून ओरडल्या. "धरा ना जी!"

ते परत पळाले. छत्री सरळ केली, बोटभर इकडे, बोटभर तिकडे. चित्र परत आलं असावं, कारण आतून ओरडणं थांबलं. तोवर दुसऱ्याच कोणाची मुलाखत सुरू झाली होती, एक म्हातारा तबलजी आपल्या गुरूंबद्दल बोलत होता.

"कला!" लक्ष्मणरावांनी हाक मारली. "तवा मेघा हासून राहिली होती का रडून?"

तीन वर्षांत त्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं. बोलायची वेळच आली तर 'ते', म्हणजे 'ती', एवढंच म्हणत. त्यांना वाटलं हिला ऐकू गेलं नसेल, म्हणून ते आणखी मोठ्यानं ओरडले. "अवं, मेघा हासत होती का रडत होती, सांग ना!"

आनंदरावांच्या घरचा टीव्ही हळू झाला. मग त्याच्या शेजारचा. सगळ्या गल्लीनं ऐकलं हे लक्ष्मणरावांना कळलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर कलाबाई अंगणात आल्या. पदर डोळ्यांना लावून झालेला होता. त्या मान वर करून नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

"मले काय इचारता?" त्या म्हणाल्या. "शनिवारी साकोलीले नाटक हाय तिचं. जा अन् पाहा."

लक्ष्मणरावांनी छत्रीवरची पकड बदलली. मग म्हणाले, "एसटी किती वाजता हाय?"

"सव्वाचारची. साडेपाचले साकोली. येताना रातची भेटत नाही, पाहाटेची पयली धरा लागते. शाल न्या, मंडपात लय थंडी वाजते."

उत्तर फारच तयार होतं. लक्ष्मणरावांनी हिशेब केला. तीन हिवाळ्यांत ही चार-पाच वेळा साकोलीला बहिणीकडे जाऊन आली होती.

"तू जाऊन राहिली होती?"

"जातो ना," कलाबाई म्हणाल्या. "बहीणबी येते संग."

"बहिणीकडं जातो म्हणत होती."

"बहिणीकडंच जातो. रातच्याले तिथून जातो."

त्यांना आधी राग आला, तीन वर्षं आपण एकटेच नाटकापासून दूर राहिलो म्हणून. मग लाज वाटली. मग वाटलं, बरं झालं, पोरीला आपल्या घरचं कोणीतरी तर दिसलं समोर बसलेलं.

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही इचारलं कवा?" कलाबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

गल्लीतली माणसं एकेक करून ओट्यावर येऊ लागली होती. टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागली होती. लक्ष्मणराव छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरून तसेच उभे होते.