डाव्या बाजूचं दार

इन्स्पेक्टरने जीपच्या डाव्या बाजूला हात पुढे केला, दाराचं हँडल शोधावं तसा हवेत फिरवला आणि खाली घेतला. मग हातातलं गाडीचं बुक उघडून बघितलं आणि पुन्हा जीपकडे बघितलं.

"दारं कुठे आहेत?"

"घरी हायत," विरुपाक्षप्पा म्हणाले.

अक्कलकोट नाक्यावर मागे उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर हसला. आप्पांनी चेष्टा केली नव्हती. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी सरकारी माणसाची चेष्टा कधीच केली नव्हती. दारं खरोखरच घरी होती, शुक्रवार पेठेत, बियाण्याच्या पोत्यांमागे, सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवलेली.

"साहेब, ही मिलिटरीची गाडी," आप्पा स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाले. "लिलावात घेतली तवा हिला दारं नव्हतीच. जीपला कुठं दारं असतात?"

"नसतात. बिनदाराची जीप चालवायला कायद्याची हरकत नाही."

"मग झालं की."

"पण तुमच्या बुकात दारं आहेत." इन्स्पेक्टरने पानावर बोट ठेवलं. 'दोन पत्र्याची दारे बसविली.' खाली ऑफिसचा शिक्का, साल एकोणीसशे सदुसष्ट. "बुकात जे आहे ते गाडीवर पाहिजे. काढलं असेल तर का काढलं ते लिहून द्यायला पाहिजे. ही नोंद करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई. दारं बसवली, म्हणून नोंद केली."

इन्स्पेक्टर तरुण होता, नागपूरकडून नुकताच बदलून आलेला. त्याने आप्पांकडे जरा निरखून पाहिलं. सोलापुरात त्या काळी जीपला ताडपत्रीची नाहीतर पत्र्याची दारं बसवलेले पंधरा-वीस जण तरी असतील. त्यातला एकजण मोटार ऑफिसची पायरी चढला असेल तर शपथ. आप्पा मात्र दुकान बंद ठेवून अर्धा दिवस रांगेत उभे राहिले होते आणि शिक्का वाळेपर्यंत बुक उघडं धरून घरी आले होते. त्या शिक्क्याने नऊ वर्षांनी त्यांना नाक्यावर गाठलं.

आणीबाणीचे दिवस होते. ऑफिसातला माणूस साडेदहाच्या ठोक्याला खुर्चीत दिसायचा. इन्स्पेक्टरने एक छापील फॉर्म काढून आप्पांच्या हातात दिला.

"दोन रस्ते आहेत. पंधरा दिवसांत दारं बसवून गाडी ऑफिसला आणून दाखवा. नाहीतर हा फॉर्म भरून द्या, मी नोंद बदलून देतो. बिनदाराची चालवा मग खुशाल. दोन्ही नाही केलं तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही."

आप्पांनी मान हलवली आणि फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. त्या दिवशी सोमवार होता. ते मैंदर्गीला निघाले होते.

दर सोमवारी ते मैंदर्गीला जात. गावापासून अडीच मैलांवर त्यांचं रान होतं आणि रानाच्या कडेला, चिंचेखाली, त्यांची बायको ईरम्मा होती. अडीच वर्षांपूर्वी तिला तिथं माती दिली. एस.टी. फाट्यावर सोडते, पुढे ओढा, काळी माती आणि आप्पांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जीप होती म्हणून जाणं होतं. जीप नाही तर सोमवार नाही, इतका सरळ हिशेब होता. मुलगी विजापूरला दिलेली. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक असायचं, पण बियाणं घ्यायला आलेला माणूस बियाण्याचंच बोलणार. आठवड्यातनं एक दिवस आप्पा चिंचेखाली बसून कानडीत काहीबाही सांगत. ज्वारीचा भाव, गुडघ्याचं तेल, शेजारच्या सोजरबाईनं पाठवलेली शेंगाची चटणी. एवढंच.

फॉर्म लहान होता. नाव, पत्ता, गाडीचा नंबर आप्पांनी त्याच संध्याकाळी सुवाच्य अक्षरात भरला. मग एक रकाना आला. 'बदल करण्याचे कारण.' छापणाऱ्याने त्यासाठी दोन ओळींची जागा सोडली होती.

आप्पांनी पेनाचं टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला भीमा दुकानात आला. ही दारं नऊ वर्षांपूर्वी त्यानेच पत्रा कापून घडवली होती आणि त्यानेच ती उतरवली होती. चाळिशीचा, हाताला कायम ग्रीस, मोहोळकडचा माणूस. फॉर्म उलटासुलटा करून बघत तो म्हणाला,

"ह्यात काय अवघड हाय, आप्पा. लिवा की, दारं गंजली, मोडीत घातली."

"गंजली न्हाईत."

"मग लिवा, उकडतंय."

"उकडत न्हाई मला."

"आवं, त्यो सायेब काय थर्मामीटर लावणार हाय व्हय?"

आप्पा हसले नाहीत. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहिण्यासारखं नव्हतं.

खरं असं होतं. जीप घेतली तेव्हा ईरम्मानं तिच्यात पाय ठेवायला साफ नकार दिला होता. "अख्ख्या पेठेनं मला पायापासून बघायचं का?" म्हणाली. म्हणून दारं आली. उजवं दार शहाण्यासारखं लागायचं. डाव्याचा खटका जन्मापासून अडेल. नुसतं ओढलं तर लागत नसे; थोडं बाहेर ढकलून, दोन्ही हातांनी, जोर लावून आत ओढावं लागे. मग धाड् असा आवाज व्हायचा की समोरच्या वळचणीतली कबुतरं उडत. आप्पा गाडी चालू करून बसलेले असत. ईरम्मा घराला कुलूप लावून, शेजारी किल्ली देऊन, आणखी काहीतरी विसरलेलं घेऊन सावकाश यायची. धाड् झालं की आप्पा विचारत, "होगूणेन?" निघायचं का? ती म्हणे, "हूं." मग आप्पा गिअर टाकत. सात वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता.

ती गेल्यावर महिन्याभराने पहिल्यांदा त्यांनी जीप बाहेर काढली. बसले, चालू केली, हात गिअरवर ठेवला. इंजिन धडधडत राहिलं. किती वेळ गेला कोण जाणे. ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या सोजरबाईनं शेवटी विचारलं,

"आप्पा, कुणाची वाट बघाय लागलाय?"

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी इंजिन बंद केलं, तसेच चालत गॅरेजला गेले आणि भीमाला म्हणाले, दारं काढ. दोन्ही काढ. दारच नसलं की आवाजाची वाट बघायला नको. भीमाने का म्हणून विचारलं नव्हतं. मालकाची लहर म्हणून पाने घेऊन आला होता.

हे दोन ओळींत कसं लिहिणार? आणि लिहिलं तरी त्या नागपूरच्या पोराने ते वाचायचं, कारकुनाने वाचायचं, वर शिक्का मारायचा. आप्पांना ते नको होतं. फार नको होतं.

बुकाशी न जुळणारी गाडी रस्त्यावर काढणं आप्पांना पटेना; पुढच्या सोमवारी जीप घरातच राहिली. मधले दिवस आप्पांनी रोज रात्री पेन उघडलं आणि बंद केलं. अकराव्या दिवशी त्यांनी भीमाला बोलावून घेतलं आणि चादर सोडली.

"बसव."

भीमाने बिजागऱ्यांना तेल दिलं, दारं चढवली. डावं लावून बघायला हात घातला तसे आप्पा पोत्यांच्या मागे गेले आणि आवाज होऊन गेल्यावर बाहेर आले.

"ऑफिसला तूच ने गाडी," ते म्हणाले. "मी मागं बसतो."

आपल्याच जीपमध्ये मागच्या बाकावर, पेंडीच्या पोत्यासारखे आप्पा बसून गेले. भीमा आरशातून त्यांच्याकडे बघत होता.

मोटार ऑफिसच्या मैदानात इन्स्पेक्टरने दोन्ही दारं उघडून बघितली, बुकाशी ताडून बघितली आणि समाधानाने मान हलवली.

"छान काम केलंय. एक चक्कर मारून दाखवा, म्हणजे झालं."

"भीमा दाखवंल," आप्पा म्हणाले.

"गाडी तुम्ही चालवता ना? तुम्हीच दाखवा."

भीमा तोवर कोपऱ्यावरच्या टपरीकडे निघून गेला होता. आप्पा पुढे येऊन बसले. उजवं दार ओढलं, ते लागलं. इंजिन चालू केलं, हात गिअरवर ठेवला आणि समोर काचेकडे बघत राहिले. इन्स्पेक्टर फेरी मारून डावीकडे आला, बसला, मांडीवर कागद घेतले आणि एका हाताने दार ओढलं.

"लागत नाही हे."

"थोडं भाईर ढकला. मग दोन्ही हातांनी ओढा," आप्पा म्हणाले. त्यांनी मान वळवली नव्हती. "जोरात."

इन्स्पेक्टरने कागद गुडघ्यांत धरले आणि दोन्ही हातांनी दार ओढलं.

धाड्.

"होगूणेन?"

तोंडून शब्द कधी गेला ते आप्पांनाही कळलं नाही. इन्स्पेक्टर कागदात काहीतरी लिहीत होता. त्याने वर न बघताच म्हटलं,

"हूं."

आप्पांनी गिअर टाकला. मैदानाला एक चक्कर झाली. थांबायला हवं होतं, पण ते थांबले नाहीत. दुसरी चक्कर झाली. तिसऱ्या वेळी इन्स्पेक्टरने मान वर केली. या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तो ते पुसत नाहीये, हे त्याने पाहिलं. तो बाहेर बघत बसला आणि तिसरी चक्कर पुरी होऊ दिली.

"ठीक आहे सगळं," खाली उतरताना तो म्हणाला. बुकावर सही करून त्याने ते आप्पांच्या हातात दिलं. मग जरा घुटमळला. "तो फॉर्म भरला नाहीत तुम्ही. भरला असता तरी मी मंजूर केला असता."

"कारण लिहाय जमलं न्हाई, साहेब."

"हरकत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला आणि ऑफिसच्या पायऱ्या चढून आत गेला. जाताना डावं दार तसंच उघडं राहिलं.

भीमा चहा पिऊन परत आला तेव्हा जीप चालूच होती आणि आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मागे जाण्यासाठी काही हालचाल केली नाही. भीमाने बाहेरून दाराला हात घातला.

"आत बसून लाव," आप्पा म्हणाले.

"मी जातो की चालत. गॅरेज हितंच तर हाय."

"भीमा, सोमवारी गॅरेज बंद असतं का रे तुझं?"

"बंदच की. का ओ?"

आयुष्यात आप्पांनी कुणाकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं आणि मागताना आवाज कसा ठेवतात ते त्यांना माहीत नव्हतं.

"मैंदर्गीला येत जाशील का माझ्यासंगं? दिवस मोडंल तुझा. पण ते दार आतनं लावाय कुणीतरी लागतंय."

भीमाने खाली वाकून खटका बघितला, अंगठ्याने दाबून पाहिला.

"आवं, एवढंच व्हय? खटका बदलून देतो की. एका बोटानं लागंल, तुमच्या जागेवरनं सुदिक लावता यील."

"नको."

"दहा मिंटाचं काम हाय, आप्पा."

"नको भीमा. खटका तसाच राहू दे."

भीमा वाकलेला तसाच राहिला. दाराकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं, पुन्हा दाराकडे. अडीच वर्षांपूर्वी आपण ही दारं कशासाठी उतरवली होती ते त्याला आत्ता कळत होतं. त्याने हात पँटीला पुसले, आत बसला, दार थोडं बाहेर ढकललं आणि दोन्ही हातांनी ओढून घेतलं.

भीमाला कानडी येत नव्हती. तरी आप्पांनी आधी विचारलं आणि मगच गिअर टाकला.