पाऊण सेकंदाचा बेडूक

“बटण दाबलं की काहीतरी हललं पाहिजे. नाहीतर माणसाला वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय,” आमचे थोरले डिझायनर मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. स्वतः मात्र कुणी नमस्कार केला तर मानही हलवायचे नाहीत.

मी सकाळचा जप चुकवत नाही, तसाच वडीलधाऱ्यांचा शब्दही खाली पडू देत नाही. त्यामुळे औषधाची आठवण देणाऱ्या ॲपचं काम आलं, तेव्हा ‘घेतली’ या बटणावर मी एक बेडूक बसवला. बटण दाबलं की तो गाल फुगवतो, टुणकन उडतो आणि गोळी गट्ट करतो. सगळं मिळून पाऊण सेकंद. त्यासाठी तीन आठवडे मी बेडकाचे गाल फुगवत होते. नवरा म्हणाला, एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंस तर मीही उडालो असतो.

पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बीपीची गोळी रोज लागते. महिनाभर त्यांची नोंद एकदाही चुकली नाही. ऑफिसात मी ती मिरवलीसुद्धा. मग एक दिवस न्हाव्याच्या खुर्चीतून उठताना ते कोसळले. बीपी आभाळाला भिडलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या देता ना? मी फोनच पुढे केला. तीस दिवस, तीस बेडूक. घरी येऊन डबी उघडली, तर गोळ्या जागच्या जागी.

मामंजींना त्याचं काहीच नव्हतं. बेडकानं गिळली की आपणच गिळल्यासारखं वाटतं, म्हणाले; शिवाय कडू असते. मी हळू आवाजात समजावू लागले, तर म्हणतात, “सूनबाई, तू एवढी वर्षं हात जोडतेस, तुझा देव एकदा तरी हलला का? माझा बेडूक बघ, रोज उडी मारतो.”

मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, दोघांच्या वतीनं. मग सांगितलं, बेडूक उद्याच काढून टाकते.

त्यांचा चेहरा पडला. चादरीच्या टोकाशी चाळा करू लागले.

“माझ्या करण्यानं या घरात हलतो तो तेवढाच,” ते म्हणाले.

शेवटी सौदा ठरला. गोळी ते माझ्यासमोर गिळणार. उडी मी मारणार, तीही गाल फुगवून. मी शब्द दिला.

“आणि पाऊण सेकंदात उरकायची नाही,” त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर मी जपाला बसले नाही. नवरा अजून घोरत होता. पाण्याचा पेला आणि डबी घेतली, कुरकुरणाऱ्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला आणि पाय न वाजवता मामंजींच्या खोलीकडे निघाले.