मागची पावलं

चित्रपटातली माणसं चालली, की त्यांच्या पावलांचा आवाज कानसेन काढायचा. हातात बूट घालून खोलीतल्या खोलीत वाळूवर, फरशीवर, सुक्या पाल्यावर थपथप. नाव ताईने ठेवलेलं. तानसेन नाही तर नाही, कानसेन तरी! पण गेली सहा वर्षं हा कानसेन स्वतः उंबरठ्याबाहेर गेला नव्हता. आधी आजारपण, मग भीती, मग सवय. वाळू, पाला, जुने बूट सगळं ताईच तीन जिने चढून आणायची. एकदा ओली माती हवी म्हणाला, तर बादलीभर घेऊन आली, धापा टाकत, त्याचा उद्धार करत.

नवा चित्रपट अशाच एका बाईचा होता. वर्षानुवर्षं घरात कोंडून घेतलेली ती शेवटी रस्त्यावर येते. त्या दृश्यात संवाद नाही, नुसती पावलं. कानसेनने पाच वेळा आवाज पाठवला, दिग्दर्शक बाईंनी पाचही वेळा परत केला.

"ही अजून खोलीतच चालतेय," त्या फोनवर म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत नाही जमलं तर काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल मला."

त्याला राग आला. पण बाईंचं खरं होतं, हेही त्याला ठाऊक होतं.

सकाळी त्याने रेकॉर्डर गळ्यात अडकवला, बुटाला माइक चिकटवला आणि दार उघडलं. ताई मागोमाग निघाली. पहिल्याच जिन्यावर घाम फुटला. दुसऱ्यावर तो मटकन खाली बसला. ताई "चल परत" म्हणाली असती, तर तो पळतच वर गेला असता. पण जिच्या तोंडाला जन्मात कुलूप नाही, ती गप्प उभी होती. आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन, अनवाणी. तो उठला. खाली ऊन, हॉर्न, रस्त्यावरची खडी. कोपऱ्यापर्यंत गेला आणि ढसाढसा रडला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "आता आली बाहेर! फक्त मागे कुणाची तरी पावलं ऐकू येतात. तेवढी काढून टाका, दृश्यात ती एकटी आहे."

"काम दुसऱ्याला द्या हवं तर," कानसेन म्हणाला, "पण ती मागची पावलं काढून टाकणार नाही. ती नसती, तर पुढची पडलीच नसती."

पलीकडे तीच पावलं पुन्हा एकदा वाजली. मग, "राहू द्या."

त्याने मातीची ती बादली धुतली, गरम पाण्याने भरली आणि ताईच्या सोललेल्या तळव्यांपाशी ठेवली. "आता तरी बोल काहीतरी."

"उद्यापासून माती तुझी तूच आणायची," ताई म्हणाली.