लाभ, मग एक

"लाभ... एक... दोन... तीन..."

बापाचा हा आवाज कौशल्येच्या कानांत शाळेच्याही आधीपासून बसलेला. कोवळं ऊन पडलं की सटवा वाघरीचं, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणाचं, तोंड उघडायचा, मेंढरं एकामागून एक बाहेर उडी घ्यायची आणि तो मोजायचा. पण पहिलं मेंढरू निघायच्या आधीच त्याच्या तोंडून 'लाभ' निघालेला असायचा. खळ्यावर रास मापतानाही पहिलं माप लाभाचं, देवाच्या नावाचं. ते मोजणीत धरायचं नाही. तशीच ही रीत. कौशल्या तेव्हा एवढीशी, त्याच्या गुडघ्याला लागून उभी असायची आणि त्याचा खरबरीत तळवा तिच्या डोक्यावर असायचा. वाकून मोजणाऱ्या माणसाला टेका लागतो, तसा.

मोजायला तोंड उघडेल तेवढंच, एरवी सटवा अबोल. लेक परळीला शिकायला गेली, तो "बरं" म्हणाला. कॉम्प्युटरची परीक्षा पास होऊन पेढे घेऊन आली, तेव्हा पेढा खाऊन पुन्हा "बरं" म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काय भरलंय, हे कौशल्येला कधी उकललं नाही.

मग दुष्काळ आला, आणि गेला नाही. दुसऱ्या साली विहिरींचे तळ उघडे पडले, तशी दूध सोसायटीनं सिरसाळ्याच्या अलीकडच्या माळावर चारा छावणी घातली. गावोगावची गुरं दावणीला आली. प्रत्येकाच्या मेखेवर चुन्यानं नंबर टाकला. चेअरमन अर्जुनरावांनी कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर मिळवला, पत्र्याच्या खोलीत मांडला आणि कौशल्येला बोलावलं.

"पोरी, नंबर सांगितला की जनावर दिसलं पाह्यजे. कुनाचं, दूध किती, चारा किती. जमतंय का?"

"जमतंय काका."

तिनं सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. तिच्या लेखी ती एक लांबच लांब दावणच होती. फायलीत प्रत्येक जनावराला सारख्याच लांबीचा खण; म्हैस असो की शेळी, कुणाला वीतभर जास्त नाही. त्यामुळं शोधत बसायला नको. बारावं जनावर पाहिजे तर अकरा खणांची लांबी काढायची आणि थेट तिथं उडी घ्यायची. नंबरातून एक वजा, गुणिले खणाची लांबी. खोट्या नावांवर तिनं दहा वेळा तपासलं. बिनचूक!

उद्घाटनाला अर्जुनरावांनी नारळ फोडला, कॉम्प्युटरला कुंकू लावलं. कौशल्या बाहेर खोबरं वाटत होती तेवढ्यात, "सुरुवात माझ्या हातनं," म्हणत त्यांनी एका बोटानं काहीबाही टिपूनही घेतलं. पुढची सगळी गुरं मग कौशल्येनं भरली. सर्वांत शेवटी आली ती सटवाची लालकंधारी गाय. सबंध छावणीत तिची मेख टोकाची.

दुसऱ्याच दिवशी छबुबाई दारात उभी. छबुबाईची जीभ म्हणजे सदा चालू असलेली पिठाची गिरणी.

"माझ्या बारा नंबरच्या म्हशीला शेळीएवढा चारा कावून गं?"

कौशल्येनं बारा नंबर दाबला. पडद्यावर आलं: शेळी, काळी, मालक धोंडीराम.

"अगं माझे बाई!" छबुबाईनं गालावर हात मारला आणि तिथल्या तिथं ओवी जुळवली,

"मशिनीच्या पोटामंदी गुरांची गं दावण,
म्हशीला माझ्या फुटली दाढी, कोण गेलं चावून!"

तेवढ्यात धोंडीराम आला. त्याची शेळी अकरा नंबरची, पण मशीन त्याला दाखवत होतं अर्जुनरावांचा खोंड. धोंडीराम मात्र खुशीत. "बदलू नका रं कुनी! राहू द्या! खोंड मला लई आवडला."

छावणी हसली. कौशल्याही हसली. शेवटचा नंबर दाबून पाहिला, तर तिथं बापाची गाय नाही, शेजारची कालवड. गाय कुठंच सापडेना.

संध्याकाळी सटवा खोलीच्या दारात टेकला. "आपली गाय हाय का तुझ्या मशिनीत?"

"हाय बा. पन दिसंना."

सटवानं मुंडासं सोडलं, परत गुंडाळलं. "मेंढरं घिऊन गोदाकाठाला निघायचंय. तुझ्या मायचे गुडघे धरलेत, वळायला मानूस लागतंय. शुक्रवारच्या मीटिंगीत तुझं हे चाललं तर ऱ्हा हितं. न्हाई चाललं तर तूबी चल."

अर्जुनरावांचंही तेच. मंडळींनी मीटिंगीत मशीन बघायचं. धड चाललं नाही तर परत पाठवायचं आणि पूर्वीसारखं वहीवरच सांभाळायचं. कौशल्येला मेंढरांची लाज नव्हती, पायांना काट्यांची सवय होती. पण हा पडदा, ही सारख्या खणांची दावण, ही नेमकी उडी... हे तिनं एकटीनं उभं केलं होतं. ते टाकून जायचं म्हणजे अर्ध्या विणलेल्या घोंगडीचा धागा तोडायचा.

तिनं प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचला. एक वजा, गुणिले लांबी. परळीच्या सरांनी हेच शिकवलं होतं. चूक असेल तर कुठं? एकेक ओळ तिनं गव्हातला खडा शोधावा तशी निवडली. खडा नव्हताच.

शुक्रवारी सकाळी माणसं जमायला लागली. छबुबाई पुढची जागा धरून बसली. बाहेर माळावर सटवानं मेंढरं सोडायला घेतली होती आणि वाऱ्यावर त्याचा आवाज आला.

"लाभ... एक... दोन..."

कौशल्येचं बोट कळीवरच थांबलं.

मोजणीच्या आधी एक मोजणी! बा दोन म्हणतो तेव्हा मुळात तिसऱ्यांदा बोललेला असतो. आपल्या दावणीतही कुणी आधी येऊन बसलंय की काय? सगळ्यांनी आपापला नंबर विचारला, पण पहिल्या नंबरची गाय होती मंदिराची. तिची चौकशी करायला कोण येणार? आणि आपण आठवडाभर प्रोग्रॅम चाळला, फाईल चाळलीच नाही.

तिनं एक दाबला.

पडद्यावर ना गाय ना म्हैस. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत नुसतं 'श्री'. दूध रिकामं, चारा रिकामा.

"काका! उद्घाटनाला तुमी काय टिपलंत?"

अर्जुनराव उपरणं सावरत म्हणाले, "दुसरं काय टिपनार? नवी वही उघडली की पहिल्या पानावर श्री. बाकी पान कोरं. आपल्या सोसायटीत कधी चुकलंय का?"

कौशल्या हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली. पहिल्या खणात देव बसला होता, म्हणून सगळी गुरं एकेक खण मागं सरकली होती.

"पुसू नको हां," अर्जुनराव घाबरले. "देवाचं नाव हाय."

"न्हाई पुसत. बसू द्या त्याला तिथंच."

तिनं 'एक वजा' तेवढं काढून टाकलं. आता नंबर गुणिले लांबी, एवढंच. एक दाबला, मंदिराची गाय. बारा दाबला, छबुबाईची म्हैस, भरल्या चाऱ्यासकट.

"दाढी गेली गं माझ्या लक्षुमीची!" छबुबाई ओरडली.

"आन् माझा खोंड?" धोंडीरामानं तोंड पाडलं.

"खोंड चेअरमनचा. तुझी शेळीच बरी," कुणीतरी म्हणालं, आणि पत्र्याखाली हशा उसळला.

अर्जुनरावांनी मंडळींकडं पाहिलं. हात वर गेले. मशीन राहिलं.

माणसं पांगली तरी सटवा दारात उभाच होता. खांद्यावर काठी, पायांवर माळाची धूळ. "आमची बघ बरं."

कौशल्येनं शेवटचा नंबर दाबला. लालकंधारी गाय, मालक सटवा. अक्षर ओळखू न येणारा सटवा पडद्याकडं किती तरी वेळ बघत राहिला.

"चूक कुठं व्हती?"

"पहिला खण देवाचा होता, बा. म्या मोजणीत धरला. तू वाघरीपाशी लाभ म्हनतोस ना देवाला, तसा सोडून द्यायचा होता. तुझ्याच आवाजानं सापडलं."

सटवानं काठी भिंतीला टेकवली.

"मेंढरं मी वळतो. तुझ्या मायच्या बदल्यात माझा चुलतभाऊ म्हाळू येतो म्हनलाय सोबतीला. तू ऱ्हा हितं." मग तो पुढं आला आणि तोच खरबरीत तळवा त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला. टेका घ्यायला नव्हे. आज तो ताठ उभा होता.

"आन् लाभ देवाला नव्हता म्हनत, पोरी," तो म्हणाला. "असा हात ठिवून तुला म्हनत व्हतो. आदी तू. मग मेंढरं."